संगीताच्या फाइल्स वाटताना खटल्याची धास्ती: नवख्यांसाठी पायरीपायरीने

८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एकाच दिवशी २६१ जणांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या घरच्यांनी २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. हा सपाटा पाच वर्षं चालला. डिसेंबर २००८ मध्ये संघटनेनं घाऊक दावे थांबवत असल्याचं जाहीर केलं, तोवर हजारो लोकांनी काही हजार डॉलरची तडजोड करून सुटका करून घेतली होती.

जे थोडे लोक शेवटपर्यंत लढले त्यांचे आकडे आजही धडकी भरवतात. मिनेसोटातल्या एका महिलेवर २४ गाण्यांसाठी खटला चालला. २००७ मध्ये ज्युरीनं २,२२,००० डॉलर ठरवले, २००९ मध्ये फेरखटल्यात १९ लाख २० हजार, २०१० मध्ये १५ लाख, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयानं पुन्हा २,२२,००० वर आणून सोडलं. बॉस्टनमधल्या एका विद्यार्थ्याला ३० गाण्यांसाठी ६,७५,००० डॉलरचा निकाल ऐकावा लागला. एवढ्या रकमा येतात कुठून? अमेरिकी कायद्यात नुकसानभरपाई प्रत्येक कृतीमागे (कृती म्हणजे इथं एकेक गाणं) मोजता येते: किमान ७५० डॉलर, कमाल ३०,००० आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत. रेकॉर्ड कंपनीचं खरोखर किती नुकसान झालं हे सिद्ध करावं लागत नाही.

सगळीकडे हाच हिशेब नाही. कॅनडात बिगर-व्यावसायिक उल्लंघनाला सगळ्या कृती मिळून १०० ते ५,००० कॅनेडियन डॉलर अशी मर्यादा आहे. जर्मनीत आधी वकिलाचं इशारापत्र येतं आणि सोबत सही करायला हमीपत्र. फ्रान्सनं २००९ च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं ताकीद देण्याची पद्धत आणली. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये फौजदारी शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणून परदेशातला एखादा निकाल वाचून आपलं नशीब त्यावर ठरवू नका. राहता त्या देशाचा कायदा लागतो.

खाली दिलेल्या पायऱ्या उजळ माथ्यानं फाइल्स वाटण्यासाठी आहेत. लपून कसं वाटावं हे इथं सापडणार नाही. आपल्या संगणकावरून काय बाहेर जातंय आणि ते कोणाच्या परवानगीनं, या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे लेखी आहेत त्याला घाबरायचं फारसं कारण उरत नाही. ज्याच्याकडे नाहीत त्यानं आधी ती मिळवावीत.

पायरी १: काय बाहेर जातंय ते बघा

सगळ्यात आधी फाइल वाटणारे प्रोग्रॅम बंद करा. खिडकीच्या फुलीवर क्लिक करणं म्हणजे बंद करणं नव्हे. बरेच टोरेंट क्लायंट, म्हणजे टोरेंट पद्धतीनं फाइल घेणारे-देणारे प्रोग्रॅम, खिडकी मिटली तरी घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हात चालूच राहतात आणि संगणक सुरू केला की आपोआप उठतात. त्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘एक्झिट’ निवडा, आणि सेटिंगमधली ‘संगणक सुरू होताच चालू कर’ ही खूण काढून टाका.

आता प्रकार ओळखा. सोलसीकसारख्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही एक फोल्डर शेअर करता आणि त्यातलं सगळं, आतल्या उपफोल्डरांसकट, दुसऱ्यांना शोधता येतं. २००३ च्या खटल्यांमधले बहुतेक लोक अशाच फोल्डरमुळे सापडले. काझासारखे प्रोग्रॅम उतरवलेलं गाणं ज्या फोल्डरमध्ये टाकत, तोच फोल्डर जगाला खुला असे, आणि वापरणाऱ्याला वाटे की आपण नुसतंच घेतोय. शेअर फोल्डरच्या यादीत ‘म्युझिक’ किंवा ‘डाउनलोड्स’ हे पूर्ण फोल्डर दिसले तर लगेच काढा. त्याऐवजी एक नवा, रिकामा फोल्डर करा आणि त्यात फक्त तपासलेल्या फाइल्स ठेवा.

टोरेंटचं वागणं वेगळं. इथं फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि जो तुकडा तुमच्याकडे आला तो त्याच क्षणापासून इतरांना जायला लागतो. म्हणजे उतरवणं आणि वाटणं एकदमच होतं. फाइल शंभर टक्के उतरली तरी तुम्ही थांबवेपर्यंत सीडिंग, म्हणजे ती फाइल इतरांना देत राहणं, चालू राहतं. काही जण अपलोडचा वेग अगदी कमी करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. त्याचा उपयोग नाही: एक तुकडा गेला तरी तो गेलाच, आणि तुम्ही त्या थव्यात, म्हणजे ती फाइल एकमेकांना देणाऱ्यांच्या गटात, आहात हे तसंही दिसतं.

हे दिसतं म्हणजे काय, ते स्वतः बघण्याजोगं आहे. एखाद्या लिनक्स वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून टोरेंट घ्या. तो वाटायला पूर्ण मोकळा असतो. क्यूबिटटोरेंट या क्लायंटमध्ये तो सुरू करा, यादीत त्यावर क्लिक करा आणि खालच्या पट्टीतला ‘पीअर्स’ टॅब उघडा. एकेका ओळीत एकेक अनोळखी माणूस: त्याचा देश, आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक), पोर्ट (त्या जोडणीतल्या वाटेचा क्रमांक), तो कोणता क्लायंट वापरतोय, त्याची फाइल किती टक्के झाली, त्यानं तुम्हाला किती दिलं आणि तुम्ही त्याला किती. कुठलीही चोरवाट नाही, विशेष परवानगी नाही. त्यांच्या पडद्यावर तुमचीही ओळ तशीच उमटलेली असते. हक्कधारकांसाठी नजर ठेवणाऱ्या कंपन्या हेच करतात. त्या थव्यात एक पीअर म्हणून शिरतात आणि आयपी, पोर्ट, सेकंदापर्यंतची वेळ आणि टोरेंटचा इन्फोहॅश (त्याची ओळख पटवणारी सांकेतिक खूण) टिपून ठेवतात.

गाणी वाटण्याचे आणखी दोन मार्ग लोक विसरतात. क्लाउडवरच्या फोल्डरला ‘लिंक असलेला कोणीही’ अशी परवानगी कधीतरी दिलेली असते आणि ती लिंक पुढे फिरत राहते. शेअर केलेल्या गोष्टींची यादी उघडून एकेक लिंक तपासा. आणि मेसेजिंग ग्रुप: चारशे लोकांच्या ग्रुपमध्ये टाकलेला आल्बम ‘घरातल्या घरात’ राहत नाही.

पायरी २: आयपीवरून माणसापर्यंत कसं पोहोचतात, आणि कुठे चुकतं

आयपी ॲड्रेस कोणाच्या नावावर आहे हे बाहेरच्याला कळत नाही. ते इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या नोंदींत असतं. अमेरिकेत सुरुवातीला आरआयएए कोर्टात दावा न लावताच कंपन्यांकडून नावं मागवत होती. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं व्हेरायझन या इंटरनेट कंपनीच्या बाजूनं निकाल देऊन तो रस्ता बंद केला. त्यानंतर आधी ‘जॉन डो’ या नावानं, म्हणजे अनाम माणसावर, दावा लावायचा आणि मग कोर्टाच्या हुकमानं नाव मिळवायचं अशी पद्धत पडली.

या साखळीत चुका होतात आणि त्या ठरावीक जागी होतात. वेळ कोणत्या टाइमझोनमधली हे न लिहिल्यानं तासांचा घोळ होतो, आणि तेवढ्यात तो आयपी दुसऱ्या ग्राहकाकडे गेलेला असतो. आता बऱ्याच कंपन्या एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात. तिथे पोर्ट नंबर आणि अचूक वेळ दोन्ही नसतील तर नेमका ग्राहक ठरवणं अवघड. आणि नोंदीत नाव सापडतं ते बिल भरणाऱ्याचं. फाइल वाटणारा घरातला दुसरा कोणी, भाडेकरू किंवा वायफाय वापरणारा शेजारी असू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं एका चित्रपटाच्या प्रकरणात म्हटलं की आयपी ॲड्रेस ज्याच्या नावावर आहे एवढ्यानं तो उल्लंघन करणारा ठरत नाही.

म्हणूनच घरचा राउटर नीट करा. कंपनीनं दिलेला ॲडमिन पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय झटपट जोडण्याची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा. जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून चाळा. या कामाला अर्धा तास पुरतो.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेऊन आयपी झाकणाऱ्या सेवेबद्दल, प्रश्न हमखास येतो. सार्वजनिक वायफायवर वगैरे व्हीपीएन उपयोगाचा आहे, पण ज्या फाइलचा हक्क तुमच्याकडे नाही ती त्यानं तुमची होत नाही. त्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ३: फाइल्सची यादी करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि तरी सगळ्यात मोलाचं. एक स्प्रेडशीट उघडा आणि पाच रकाने करा: फाइल किंवा आल्बम, कुठून आला, पुरावा (पावती, पानाची प्रत, ईमेल), परवाना, वाटता येतो का. एकेका गाण्यामागे लागू नका. आल्बममागे एक ओळ पुरते. मग चार ढीग आपोआप पडतात.

स्वतःच्या सीडीवरून काढलेल्या फाइल्स: स्वतःसाठी अशी प्रत काढायला बऱ्याच देशांत मुभा आहे, पण ती मुभा वाटण्यापर्यंत जात नाही. ‘वाटता येतो का’ या रकान्यात ‘नाही’.

विकत घेतलेल्या डाउनलोड फाइल्स: इथं नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, की पैसे मोजले म्हणजे गाणं आपलं, कोणालाही देऊ. जुनी सीडी तुम्ही विकू शकता कारण सीडी हातची जाते. फाइल दिली की प्रत तयार होते आणि तुमची तुमच्याकडे राहतेच. वापरलेल्या डिजिटल फाइल्सची पुनर्विक्री करणाऱ्या रीडिजी या सेवेनं ‘आम्ही मूळ फाइल पुसतो’ असा बचाव केला होता. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयानं तोही नाकारला. शिवाय विकत घेतलेल्या फाइलमध्ये घेणाऱ्याची ओळख असू शकते. आयट्यून्स स्टोअरमधून घेतलेल्या फाइलच्या मेटाडेटात (फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) खातेधारकाचं नाव आणि खातं लिहिलेलं असतं. ही माहिती दाखवणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून बघा, काय काय दिसतं ते. रकान्यात ‘नाही’.

मोकळ्या परवान्याच्या फाइल्स, म्हणजे हक्कधारकानंच वाटायला मुभा दिलेल्या: यांचा तपशील पुढे.

आणि चौथा ढीग, ‘आठवत नाही’. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आलेल्या, जुन्या हार्ड डिस्कवरच्या, ‘ट्रॅक ०७’ अशा नावाच्या फाइल्स. पुरावा नसेल तोवर या वाटायच्या नाहीत. तो ढीग शेअर फोल्डरपासून दूर, वेगळ्या ठिकाणी ठेवा.

पायरी ४: एका गाण्यावर दोन हक्क असतात

परवाना वाचण्याआधी हे समजून घेतलंत तर निम्म्या चुका टळतील. गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल, हा एक हक्क. त्या रचनेचं ध्वनिमुद्रण हा दुसरा. सीडीच्या मागे वर्तुळातला ‘पी’ दिसतो तो ध्वनिमुद्रणाचा. वर्तुळातला ‘सी’ सहसा मुखपृष्ठ आणि छापील मजकुराचा असतो. दोन हक्कांचे मालक बहुतेक वेळा वेगळे असतात.

बेथोव्हेन १८२७ मध्ये वारला. त्याच्या रचना सगळ्यांसाठी मोकळ्या आहेत. पण त्याच रचना गेल्या वर्षी एखाद्या वाद्यवृंदानं वाजवल्या असतील तर ते मुद्रण मोकळं नाही. उलट बाजूनं, तुम्ही स्वतः एखादं लोकप्रिय गाणं घरी गाऊन रेकॉर्ड केलंत तर मुद्रण तुमचं, पण रचना दुसऱ्याची, आणि ती वाटायला रचनेच्या मालकाची परवानगी लागतेच.

जुनी मुद्रणं मोकळी होतात, पण वर्षं देशागणिक वेगळी. युरोपीय संघात प्रकाशित मुद्रणाला ७० वर्षं, भारतात ६०. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२२ रोजी एकदम मोकळी झाली, १९२३ ची २०२४ मध्ये आणि १९२४ ची २०२५ मध्ये. तबकडी तुमच्याकडे असेल आणि वर्ष पक्कं असेल तर स्वतः तिचं रूपांतर करून वाटणं सगळ्यात सुरक्षित. कंपनीनं अलीकडे साफसूफ करून काढलेली आवृत्ती उचललीत तर नव्या मुद्रणाचा दावा अंगावर येऊ शकतो. आणि मुद्रण मोकळं झालं तरी त्यातल्या रचनेचं आयुष्य वेगळं मोजायचं. भारतात ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं.

पायरी ५: जे वाटता येतं ते मनसोक्त वाटा

आपलं काम इतरांना वाटायची मुभा देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले तयार परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि तेव्हापासून वाटायला मोकळ्या संगीताचा साठा वाढतोच आहे. फ्री म्युझिक आर्काइव्ह, सीसीमिक्स्टर, अभिजात संगीतासाठी म्युझोपेन, विकिमीडिया कॉमन्स ही सुरुवातीची ठिकाणं. नाइन इंच नेल्ससारख्या नावाजलेल्या बँडनं २००८ मध्ये एक अख्खा आल्बम अशा परवान्याखाली सोडला आणि त्याचा पहिला भाग स्वतःहून टोरेंटवर टाकला.

सहा परवाने चार अटींतून बनतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे त्यावरून काही नवं केलंत तर तेही त्याच परवान्याखाली सोडा. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदलून वाटू नका. फाइल आहे तशी, फुकट आणि श्रेयासह वाटायला सहाही परवाने मुभा देतात. गोंधळ होतो तो पुढच्या जागी:

गाणं व्हिडिओखाली लावणं हा या परवान्यांच्या भाषेत बदल आहे. ‘एनडी’ गाणं व्हिडिओला लावता येत नाही, आणि ‘एसए’ गाणं लावलंत तर तो व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. याउलट फ्लॅकची (गुणवत्ता न घटवणाऱ्या फाइलची) एमपीथ्री करणं हा बदल धरला जात नाही; परवान्यांच्या चौथ्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलंय. ‘एनसी’ गाणं जाहिराती असलेल्या पानावर ठेवणं धोक्याचं आहे. तिथं वाद घालण्यापेक्षा कलाकाराला ईमेल करून लेखी विचारा.

श्रेय देताना चार गोष्टी लिहा: शीर्षक, कलाकार, मूळ पानाचा पत्ता, परवान्याचं नाव आणि आवृत्ती. ‘सौजन्य: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. आवृत्ती लिहायलाच हवी, कारण नोव्हेंबर २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत एक सवलत आहे: अट मोडली गेली आणि ती लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना आपोआप परत लागू होतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही, आणि श्रेयातल्या बारीक चुका पकडून पैसे मागणारे लोक त्याच जुन्या आवृत्त्यांवर टपलेले असतात.

सगळ्यात वाईट सापळा म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतःचं म्हणून मोकळ्या परवान्याखाली टाकणारे. ज्याच्याकडे हक्कच नाही त्यानं दिलेला परवाना पोकळ असतो, आणि ‘मला काय माहीत’ म्हटल्यानं तुमची सुटका होत नाही. म्हणून कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तोच परवाना दिसतो का ते बघा आणि ते पान त्याच दिवशी वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा. कलाकारानं पुढे परवाना काढून घेतला तरी ज्यांनी आधी त्या परवान्याखाली फाइल घेतली त्यांचा हक्क जात नाही, पण तो दाखवायला पुरावा हवा.

मैफिलींच्या श्रोत्यांनी केलेल्या मुद्रणांची एक वेगळी, फार प्रामाणिक परंपरा आहे. इंटरनेट आर्काइव्हचं लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह २००२ पासून चालू आहे. तिथं परवानगी देणाऱ्या बँडचीच मुद्रणं घेतात आणि बँडच्या अटी पानावर लिहिलेल्या असतात. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडची श्रोत्यांनी केलेली मुद्रणं उतरवता येतात, मैफिलीतल्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून थेट घेतलेली तिथंच ऐकायची असतात. अट वाचल्याशिवाय पुढे वाटू नका.

पायरी ६: स्वतःचं संगीत सोडताना

साथीदारांची लेखी संमती घ्या. तबला किंवा गिटार वाजवणाऱ्या मित्राचा एक ईमेल, ‘हे मुद्रण अमुक परवान्याखाली वाटायला माझी हरकत नाही’, पुरतो. पण तो गाणं टाकण्याआधी यायला हवा. दुसऱ्याच्या गाण्यातला दोन सेकंदांचा तुकडा वापरला असेल तर त्याचीही परवानगी काढा किंवा तो तुकडा काढा. तुम्ही एखाद्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य असाल तर तुमचे काही हक्क तिच्या नावे झालेले असू शकतात. तसं असेल तर मोकळा परवाना द्यायचा अधिकार तुमच्याकडे उरलाय का, हे आधी करारात वाचा.

हमखास होणारी एक चूक: गाणं मोकळ्या परवान्याखाली सोडायचं आणि वितरकाच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीची (यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेची) खूणही करून टाकायची. मग तुमच्याच परवानगीनं गाणं वापरणाऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्याच नावानं दावे लागतात. ती खूण काढा.

फोल्डर असा लावा: फ्लॅक फाइल्स, मुखपृष्ठ, श्रेय आणि परवान्याची एक साधी टेक्स्ट फाइल, आणि चेकसमची (फाइल न बिघडता पोहोचली का हे तपासायची) फाइल. ४५ मिनिटांचा आल्बम ३२० केबीपीएस एमपीथ्रीत साधारण १०८ एमबी होतो, फ्लॅकमध्ये त्याच्या दुप्पट ते तिप्पट. परवाना प्रत्येक फाइलच्या टॅगमध्येही लिहा, कारण लोक फोल्डर फोडून एकेकच फाइल पुढे पाठवतात.

ऐकीव समजुती

‘२४ तासांत पुसलं की चालतं’, ‘३० सेकंदांपेक्षा कमी असलं की चालतं’, ‘खाली हक्क मूळ मालकाचे असं लिहिलं की झालं’: यांतल्या कशालाही कायद्याचा आधार नाही. ‘पैसे घेत नाही म्हणून गुन्हा नाही’ हेही खरं नाही. अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानं नफ्याशिवायचं वाटपही, १८० दिवसांत १,००० डॉलरहून जास्त किरकोळ किमतीचं आणि जाणूनबुजून असेल तर, फौजदारी कक्षेत आणलं.

पायरी ७: पत्र आलं तर

आधी पत्र कोणत्या प्रकारचं ते ओळखा, कारण प्रत्येकाची निकड वेगळी.

इंटरनेट कंपनीनं पुढे पाठवलेली सूचना: यात बहुधा हक्कधारकाला तुमचं नाव अजून कळलेलं नसतं. वाटप थांबवा, सूचना जपून ठेवा. उत्तर देण्याची सक्ती नसेल तर घाईनं उत्तर देऊ नका. उत्तर दिलंत की तुम्हीच ओळख सांगता. कॅनडात तर डिसेंबर २०१८ पासून अशा सूचनेत पैशांची मागणी करायलाच मनाई आहे.

तडजोडीची मागणी: वकिलाच्या नावानं रक्कम आणि तारीख. खोटी पत्रंही याच वेषात येतात. पत्रातला फोन किंवा लिंक वापरू नका. वकिलाचं नाव त्याच्या बार कौन्सिलच्या किंवा वकील संघटनेच्या यादीत शोधा आणि तिथल्या नंबरवर विचारा. खऱ्या पत्रात कृतीचं नाव, हक्कधारक, आयपी, तारीख आणि टाइमझोनसह वेळ असते. क्रिप्टोकरन्सीत पैसे मागणारं किंवा झिप फाइल उघडायला सांगणारं पत्र फसवणुकीचंच समजा.

तुमचं नाव मागवलं गेल्याची सूचना: कोर्टाचा हुकूम आलाय आणि अमुक तारखेनंतर आम्ही नाव देऊ, असं इंटरनेट कंपनी कळवते. हरकत घ्यायची असेल तर त्याच मुदतीत, वकिलामार्फत.

समन्स: हे मात्र बाजूला ठेवायचं पत्र नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात समन्स बजावल्यापासून साधारणपणे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर तुमची बाजू न ऐकता एकतर्फी निकाल लागतो, आणि नंतर आयपी चुकीचा होता हे सांगायला फार उशीर झालेला असतो.

पत्र हातात पडल्यावर बहुतेकांना पहिली ऊर्मी येते हार्ड डिस्क पुसायची. ती आवरा. वाटप थांबवायचं, म्हणजे प्रोग्रॅम बंद करायचा आणि शेअर फोल्डर काढायचा. पण फाइल्स, प्रोग्रॅम आणि नोंदी जागच्या जागी ठेवायच्या. दाव्याची चाहूल लागल्यावर पुरावा नष्ट केला तर कोर्ट त्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध लावू शकतं, वर दंडही करू शकतं. मिनेसोटाच्या खटल्यात तपासणीसाठी दिलेली हार्ड डिस्क नंतर बदललेली निघाली, आणि ती गोष्ट ज्युरीपुढे आली.

मग एक टिपण लिहा: पत्रात सांगितलेल्या वेळी घरी कोण होतं, कोणती उपकरणं जोडलेली होती, वायफायचा पासवर्ड कोणाकोणाकडे होता. वेळ तुमच्या टाइमझोनमध्ये बदलून घ्या. राउटरच्या नोंदी थोड्याच दिवसांच्या राहतात, म्हणून त्यांचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. टिपणावर ‘माझ्या वकिलासाठी’ असं लिहा आणि ते फक्त वकिलालाच द्या. समाजमाध्यमांवर प्रकरण मांडू नका, समोरच्या कार्यालयाला फोन करून ‘चूक झाली, माफ करा’ म्हणू नका. ते वाक्य कबुली म्हणून वापरलं जातं. घरातल्या मुलानं केलं असेल तरी त्याचं नाव फोनवर सांगायची घाई नको.

तडजोड करायची ठरली तर मसुद्यात रकमेपेक्षा शब्द महत्त्वाचे. सुटका कोणत्या कृतींपुरती? रचनेचे आणि मुद्रणाचे दोन्ही हक्कधारक त्यात आहेत का? उल्लंघनाची कबुली त्यात घुसवलीय का? जर्मनीतलं हमीपत्र तर पुढे कायमचं बांधून ठेवतं: नंतर कधीही चूक झाली की ठरलेला दंड. समोरून आलेल्या मसुद्यावर तशीच सही न करता वकिलाकडून सुधारित हमीपत्र करून घेण्याची तिथं रीत आहे.

व्हिडिओ मंचांवरचं प्रकरण यापेक्षा हलकं असतं, पण नवखे तिथंच सगळ्यात जास्त घाबरतात. यूट्यूबवरचा कंटेंट आयडीचा दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे खात्याविरुद्ध नोंदलेली ताकीद, नाही. सहसा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. तुमच्याकडे परवाना असेल तर हरकत नोंदवा आणि तिसऱ्या पायरीतल्या यादीतला पुरावा जोडा. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. कायदेशीर काढणीची नोटीस आली तर मात्र स्ट्राइक लागतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की खातं जातं. अमेरिकी कायद्याखाली तुम्ही प्रतिनोटीस देऊ शकता. दावेदारानं खटला भरला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. पण ती प्रतिनोटीस शपथेवर असते आणि तिच्यात तुम्ही नाव-पत्ता देऊन कोर्टाचा अधिकार मान्य करता. हक्क नसताना नुसत्या रागानं ती भरणं म्हणजे खटल्याला घरचा पत्ता कळवणं.

प्रकरण मिटलं तरी कागद फेकू नका. अमेरिकेत कॉपीराइटचा दिवाणी दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे आणि इतर देशांत ती वेगळी. म्हणून पत्र, त्याचं पाकीट, तडजोडीची सही झालेली प्रत, पैसे भरल्याची पावती आणि फाइल्सची यादी एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची एक प्रत संगणकाबाहेर.